हिमप्रपात आणि धाडसाची मर्यादा



पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत उतरण्याच्या खेळास स्कीइंग म्हणतात. कित्येक खेळाडू राखलेले उतार सोडून मोकळ्या डोंगरांत शिरतात. तेथील आनंद आगळा, हें खरें. पण तेथें हिमप्रपाताचें भय असतें.

बर्फ थरांनीं सांचतो. एखादा थर भुसभुशीत राहतो व त्यावर नव्या बर्फाचा जड थर बसतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा सांपळाच होय. माणसाच्या भारानें खालचा थर ढासळतो, भेग क्षणार्धांत दूरवर धांवते आणि सबंध थर खालीं सुटतो. प्राणघातक प्रसंगांपैकीं शेंकडा सुमारें ९० प्रसंगीं हा सांपळा गाडला गेलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच पायानें उडालेला असतो. दहापंधरा मिनिटांत माणूस बाहेर न निघाल्यास आशा झपाट्यानें मावळते.

अज्ञानी लोकच असे मरतात, असें म्हणावें तर १९ फेब्रुवारी २०१२ चा प्रसंग आडवा येतो. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, स्टीव्हन्स पास येथील डोंगरामागें, टनेल क्रीक नांवाच्या उतारावर त्या दिवशीं १६ जण गेले. त्यांत निष्णात खेळाडूंचा भरणा होता. हिमप्रपाताचा इशाराही दिला गेला होता. तिघे परतले नाहींत. एवढी मोठी टोळी पाहून आपल्या मनांत शंका आली होती, पण ती बोलून दाखविली नाहीं, असें वांचलेल्यांपैकीं कांहींनीं पुढें सांगितलें.

मला या मौनाचें भय अधिक वाटतें. 'जीव माझा, धोकाही माझा' हें म्हणणें घरीं ठीक. उतारावर मात्र एकाच्या पायानें सुटलेला बर्फ खालच्या सोबत्यावर कोसळतो, आणि शोधण्यास धांवणाराही संकटांत पडतो. शिवाय बर्फ हा खोटा गुरु आहे. अभ्यास न करतां दैवानें उत्तीर्ण झालेला विद्यार्थी स्वतःस हुशार समजूं लागतो, हें मीं वर्गांत पुष्कळदां पाहिलें. धोक्याच्या उतारावरून सुखरूप आलेल्याचेंही तसेंच होतें.

म्हणून आपली मर्यादा घरींच, निवांतपणें ठरवावी. इशाऱ्याच्या पांच पायऱ्यांपैकीं तिसरी 'मधली' म्हणून सौम्य मानूं नये. कित्येक बळी तिच्याच दिवशीं पडतात. त्या दिवशीं ३० अंशांहून कमी उतार निवडावा, वर-खालीं मोठा उतार नाहीं हें पाहावें. संशयाच्या जागीं एकेकानेंच जावें. आणि निघण्यापूर्वीं सर्वांनीं एक करार करावा: सर्वांत नवख्यानें 'नको' म्हटलें तरी सर्वांनीं मागें फिरावें, व त्याला कोणीं भित्रा म्हणूं नये. डोंगर पुढल्या वर्षींही तेथेंच असेल, आपणही असावें.