वरच्या अंगाला लांडगा

(उजनीकाठच्या गावात उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय 'इसापनीतीतले संस्कार'. पुढं शाळेची पोरं बसवलीत, त्यावरून संयोजकांच्या मनात काय आहे ते कळलं. पण माझं म्हणणं उलटं आहे. इसाप पोरांचा नव्हेच, तो ग्रामसभेचा. (हशा)

तो ग्रीकांच्या सामोस बेटावर गुलाम होता, सरफोजीराजांनी तंजावरात त्याच्या गोष्टी मराठीत आणवल्या, 1828 साली बापू छत्र्यांचं 'इसापनीतिकथा' हे पुस्तक निघालं, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. ते सोडून देतो.

अ‍ॅरिस्टॉटलनं वक्तृत्वावरच्या ग्रंथात एक प्रसंग दिलाय. सामोसमध्ये एका पुढाऱ्यावर खटला चालला होता, शिक्षा देहान्ताची. इसाप त्याच्या बाजूनं उठला आणि म्हणाला, एक कोल्हा नदी ओलांडताना घळीत अडकला. अंगभर गोचीड.

आता दावणीला जनावर नाही असं घर इथं कुठलं? तेव्हा गोचीड मी तुम्हाला काय सांगावा! म्हशीच्या कानामागं, कासेजवळ बघा. भरलेला असतो तो राखाडी, टम्म, जागचा हलत नाही. उपाशी असतो तो चपटा, तांबूस, तुरुतुरु चढतो आणि जागा शोधतो. उपटायला जावं तर तोंड कातडीतच राहतं. (मागून : 'औषध सांगा!') औषध डॉक्टरला विचारा, मी कोल्ह्याचं सांगतोय. अंगावर काटे असलेला एक लहान जीव तिथून चालला होता. त्याला दया आली, म्हणाला, काढू का? कोल्हा म्हणाला, नको बाबा. हे प्यायचं तेवढं प्यालेत. हे काढलेस तर दुसरे उपाशी येतील आणि उरलेलं रक्त पितील. इसाप म्हणाला, सामोसकरांनो, हा माणूस आता गब्बर झालाय. याला मारलंत तर गरीब येतील आणि तिजोरी रिकामी करतील.

(टाळ्या. 'नाव घ्या, नाव!') नाव घेत नाही, मला एसटीनं परत जायचंय.

यातला संस्कार कुठला? इसापनं वकिली केली की भर सभेत त्या पुढाऱ्याची अब्रू काढली? निकाल काय लागला तेही अ‍ॅरिस्टॉटल सांगत नाही. 'तात्पर्य' ही ओळ मागाहूनच्या लोकांनी चिकटवली आणि गोष्टी बिघडवल्या, हे माझं ठाम मत आहे.

लांडगा आणि कोकरूच घ्या. लांडगा ओढ्याच्या वरच्या अंगाला, कोकरू खालच्या. तरी लांडगा म्हणतो, माझं पाणी गढूळ का केलंस? आपण तात्पर्य घोकलं 'बळी तो कान पिळी' आणि पान उलटलं. कोण कुठं उभं होतं, ते कुणी पाहिलंच नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आपल्या उजनी धरणात येतं. उन्हाळ्यात काठाला हिरवी साय धरते. म्हणजे आपण कोकरू. (टाळ्या) थांबा, टाळ्या राखून ठेवा. टेंभुर्णीच्या खाली, पंढरपूर-मोहोळकडं कालव्याच्या शेपटाला जो बसलाय, औज बंधाऱ्यातलं पाणी जे सोलापूर पितं, त्यांच्या वरच्या अंगाला कोण? (गलका. एक श्रोता : 'आमच्या जमिनी बुडाल्यात सर!')

बुडाल्यात. धरण 1980 ला पूर्ण झालं, गावठाणं पाण्याखाली गेली, तो हिशेब अजून मिटलेला नाही. तुमच्या पाणी उपसायच्या मोटारी बंद करा असं मी म्हणालो नाही. पण धरणात 117 टीएमसी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, आणि पाणी त्या साठ्यात उतरून उजनी 'वजा' झाली की भांडण त्याच्यावरच चालतं. त्या भांडणात प्रत्येक गाव कोकरू असतं. लांडगा म्हणून हात वर करणारं गाव मला अजून भेटायचंय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. घोडा आणि हरणाची गोष्ट राहिली. त्याच ग्रंथात ती गोचिडाच्या आधी आहे, आणि घोड्यानं हरणाविरुद्ध मदतीला बोलावलेला माणूस त्याच्या पाठीवरून उतरतच नाही, एवढ्यावर ती थांबवतो. शिक्षकांना एक विनंती. शाळेतली इसापनीती काढा, तात्पर्याच्या ओळीवर कागद चिकटवा आणि लांडग्याची गोष्ट येत्या ग्रामसभेत पोरांकडून वाचून घ्या. सरपंचांनी तेवढा विषय अजेंड्यावर घ्यावा.