दुसऱ्याचा सूर, आपले नाव : क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या दोन वादकांची चरित्रे



दीक्षान्त समारंभात प्रत्येक स्नातकाचे नाव पुकारले जाते, ते प्रमाणपत्रावर लिहिले जाते आणि त्याच्या अभ्यासाचे श्रेय विद्यापीठाच्या दप्तरी त्याच्याच नावावर कायमचे जमा होते. परंतु माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक कामाला असे दप्तर लाभत नाही. काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, किंवा काम सर्वांच्या कानी आणि नाव कोठेच नाही, या अवस्थेचा विचार बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावी व्हावा म्हणून प्रस्तुत भाषणासाठी दोन वादकांची चरित्रे निवडली आहेत. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९०१ मध्ये जन्मलेले रूडी जॅक्सन हे पहिले, आणि कोलकात्यातील नेपाळी कुटुंबात ८ मार्च १९३१ रोजी जन्मलेले मनोहारी सिंग हे दुसरे. दोघेही क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवत, आणि दोघांच्याही आयुष्यात मुंबई शहराला मोठे स्थान होते. जॅक्सन यांनी दुसऱ्याच्या सुरावटीवर आपले नाव घातले. मनोहारी सिंग यांच्या सुरावटी देशभर लोकांच्या कानांत राहिल्या, तरी त्या ऐकणाऱ्या बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक झाले नाही.

या दोन वाद्यांची ओळख आधी करून घेणे आवश्यक आहे. लग्नाच्या बँडमध्ये ज्याला मराठवाड्यात क्लॅरोनेट म्हणतात, ते क्लॅरिनेट जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील कारागीर योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७०० च्या सुमारास घडवले. सॅक्सोफोन हे त्या मानाने तरुण वाद्य असून बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. दोन्ही वाद्यांच्या मुखाशी वेताची एकच पातळ पट्टी असते आणि फुंकेने ती थरथरली की स्वर निघतो. सनईला मात्र अशा पट्ट्यांची जोडी लागते. क्लॅरिनेटची नळी आतून सरळ, तर सॅक्सोफोनची नळी मुखापासून टोकाकडे रुंद होत जाणारी असल्यामुळे सॅक्सोफोनवर खालच्या सा वरून वरच्या पट्टीत उडी घेतली की तार सप्तकातील सा मिळतो, तर क्लॅरिनेटवर तीच उडी थेट तार सप्तकातील पंचमावर जाते. परिणामी बोटांचा हिशेब दोन्ही वाद्यांवर वेगळा राहतो, आणि एकाच मैफलीत एक वाद्य खाली ठेवून दुसरे उचलणारा वादक दर वेळी स्वतःच्या बोटांना नवी सवय लावत असतो. जॅझ या संगीतप्रकारात ही कसरत अधिकच अवघड होते. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स परिसरात घडवलेल्या या संगीतात वादकाने ठरलेल्या धूनच्या आधाराने ऐन वेळी नवी सुरावट रचायची असते, आणि हिंदुस्थानी गायक ज्याला उपज म्हणतात त्याच्याशी या रचण्याचे जवळचे नाते आहे.

जॅक्सन यांची घडण शिकागोमध्ये झाली, जिथे कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर यांच्या संचाने न्यू ऑर्लिन्सचे जॅझ नव्या शहरात रुजवले होते. १९२७ मध्ये ते ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवू लागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वाद्यवृंदाने ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. रचनाकार म्हणून एलिंग्टन आणि ट्रम्पेटवादक बबर मायली यांच्याबरोबर जॅक्सन यांचेही नाव लागले, कारण मूळ धून त्यांनी स्वतःची म्हणून आणली होती. प्रत्यक्षात ती ऑलिव्हर यांनी १९२३ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘कँप मीटिंग ब्लूज’ या रचनेतून आली होती. ऑलिव्हर यांनी हक्क मागितला, पण कागदपत्रांच्या अडचणीमुळे तो त्यांच्या पदरी पडला नाही. जॅक्सन यांना वाद्यवृंद सोडावा लागला, त्यांच्या जागी बार्नी बिगार्ड आले आणि पुढची अनेक वर्षे एलिंग्टन यांच्या क्लॅरिनेटचा आवाज बिगार्ड यांचाच राहिला. ज्यांची धून होती ते ऑलिव्हर १९३८ मध्ये जॉर्जियातील सव्हाना येथे विपन्नावस्थेत मरण पावले. अखेरच्या दिवसांत ते एका खेळघरात झाडलोट करत होते. ‘क्रिओल लव्ह कॉल’च्या श्रेयात मात्र आजही त्यांचे नाव नसते, आणि प्रमाद उघड होऊनही तो इतिहासात दुरुस्त झाला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत दुःखद बाब मानली पाहिजे.

जॅक्सन यांच्या आयुष्याचा पुढचा टप्पा भारताशी जोडलेला आहे. नोबल सिसल यांच्या वाद्यवृंदात काही वर्षे काढल्यानंतर, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्या संचांबरोबर ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. स्वदेशात वर्णभेदामुळे ज्या हॉटेलांच्या दारातून आफ्रिकी वंशाच्या माणसाला पाहुणा म्हणून आत जाता येत नसे, तशाच दर्जाच्या हॉटेलात मुंबईत त्यांना मानाचे स्थान मिळाले, हे नोंदवण्याजोगे आहे. त्याच वेळी वसाहतीच्या काळातील त्या दालनात बहुसंख्य भारतीयांना श्रोते म्हणून जाणे शक्य नव्हते, हेही विसरता येत नाही. या संचांजवळ बसून मुंबईच्या वादकांनी, विशेषतः गोव्याच्या वादकांनी, जॅझ प्रत्यक्ष ऐकले आणि आत्मसात केले. गोव्यातील पॅरिश शाळांत, म्हणजे चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांत, मेस्त्रे म्हणजे संगीतशिक्षक मुलांना स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिन वाजवणे लहानपणापासून शिकवीत, आणि त्यामुळेच लष्करी बँड, संस्थानिकांची पथके, मूकपटांची चित्रगृहे आणि हॉटेले यांत गोव्याचे वादक पिढ्यान्‌पिढ्या वावरले होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर रात्रीच्या क्लबांचा धंदा बसला, आणि हे कुशल हात अधिकाधिक संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे संगीतकार रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी या वादकांची ताकद अचूक ओळखली. त्यांच्या संगीताच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात गोव्यातील आल्दोनाचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट संचासह पडद्यावरही दिसतात.

चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणाच्या याच स्टुडिओंत १९५८ मध्ये मनोहारी सिंग आले. घरात बँडची परंपरा होती, आणि कोलकात्याजवळील बाटानगर येथे बाटा कंपनीच्या बँडमध्ये हंगेरियन संचालक जोसेफ न्यूमन यांच्या हाताखाली त्यांना लिहिलेले संगीत वाचण्याची शिस्त लागली. बुटांच्या कारखान्याच्या बँडमध्ये घडलेला मुलगा बासरी, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन या तिन्ही वाद्यांवर हुकूमत मिळवतो आणि कोलकात्याच्या क्लबांत नाव कमावतो, ही घटना संगीतशिक्षणाविषयी पुष्कळ सांगून जाते. संगीतकार सलिल चौधरी यांच्या आग्रहावरून ते मुंबईत आले, आणि सचिन देव बर्मन यांच्या संगीताने नटलेल्या ‘सितारों से आगे’ या चित्रपटातील वादनाने त्यांची चर्चा सुरू झाली. ‘गाइड’ (१९६५) आणि ‘आराधना’ (१९६९) या चित्रपटांतील त्यांच्या सॅक्सोफोनचे तुकडे गाण्याच्या ओळींइतकेच लोकांच्या स्मरणात राहिले. ‘आराधना’तील एकाच सलग दृश्यात चित्रित झालेल्या गाण्यात गायकाच्या आवाजाला तोडीस तोड भाव त्या सॅक्सोफोनने आणला आहे.

त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य असे की त्यांनी सॅक्सोफोनला गायकी अंगाने बोलते केले. बटणांवर बोटे ठेवून स्वर सोडणारे हे वाद्य मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, सहजासहजी देत नाही. ती ओठांच्या दाबाने काढावी लागते, आणि दाब किंचित चुकला तर स्वर बेसूर होतो. तेथे त्यांनी मिळवलेला ताबा जॅझच्या मोठ्या सॅक्सोफोनवादकांच्या पंक्तीत बसावा असा आहे, असे येथे निःसंकोच म्हणावेसे वाटते. पुढे संगीतकार राहुल देव बर्मन यांच्याकडे बासू चक्रवर्ती आणि तालवाद्यांचे जाणकार मारुतीराव कीर यांच्यासह त्यांनी सहायक आणि संयोजक म्हणून दीर्घकाळ काम केले. संयोजक, ज्याला स्टुडिओत अरेंजर म्हणतात, तो गाण्याच्या मूळ चालीभोवती कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे हे ठरवतो आणि लिहून काढतो; गाण्याचा निम्मा चेहरा त्याच्या हातून घडतो. ‘बासू-मनोहारी’ या नावाने ‘सबसे बडा रुपय्या’ (१९७६) या चित्रपटाला स्वतंत्र संगीतही त्यांनी दिले. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सहायक म्हणून मनोहारी सिंग यांचे नाव पडद्यावर येत असे, आणि म्हणूनच ते सुदैवी अपवाद होते. ध्वनिमुद्रणाला बसलेल्या पन्नास-साठ वादकांपैकी इतर कोणाचेही नाव श्रेयनामावलीत किंवा तबकडीच्या वेष्टनावर सहसा छापले जात नसे. त्यांची मोजणी वाद्यांनी होई, इतके व्हायोलिन, दोन सॅक्सोफोन, एक क्लॅरिनेट. बीड जिल्ह्यातील स्नातकांना ही मोजणी परकी वाटणार नाही, कारण ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते, आणि त्या मोजणीत विशेषतः बाईचे नाव व तिची मजुरी दोन्ही हरवतात. हत्याराच्या नावाने माणूस मोजला गेला की त्याच्या हक्काचा हिशेब मागणे कठीण होते, ही गोष्ट स्टुडिओत आणि फडात सारखीच खरी आहे.

भारतीय कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला व्यापारी वापरातील स्वामित्वशुल्काचा वाटा तसेच सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क दिला. त्याच दुरुस्तीत मात्र अशीही तरतूद आहे की, चित्रपटातील ज्या व्यक्तीचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि जिचे नाव श्रेयनामावलीत कोठेही नाही, ती व्यक्ती बहुतांश हक्कांसाठी सादरकर्ता मानली जाणार नाही. नाव छापण्याची बाब त्यामुळे केवळ मानाची राहत नाही. पैशाचा आणि हक्काचा दरवाजा तिच्यातून उघडतो.

पदवीधर व्यक्ती पुढील आयुष्यात प्रकल्प-अहवाल, शोधनिबंध, ग्रामपंचायतीचे ठराव, हजेरीपत्रके आणि बातम्या लिहिणार आहे, म्हणजेच इतरांची नावे लिहिण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार तिच्या हाती येणार आहे. त्या अधिकाराचा पहिला वापर जवळच करता येईल. डीजेच्या भिंती येण्यापूर्वी माजलगाव, धारूर, परळी या पट्ट्यातील वरातींत क्लॅरोनेट वाजवणारे अनेक वादक होते, आणि त्यांतील काही वृद्धावस्थेत आजही गावोगावी आहेत. त्यांनी कोणाकडून वाद्य शिकले, कोणत्या पथकात वाजवले आणि कोणत्या चाली स्वतः बसवल्या, याची नोंद स्नातकांनी वादकाच्या पूर्ण नावासह, त्याची संमती घेऊन करावी, जमल्यास त्याचे वादन ध्वनिमुद्रित करावे, आणि ती नोंद महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावी.