हे तू कुठे पाहिलेस?
(वसतिगृहाच्या हितचिंतक मेळाव्यातील भाषण)



आमच्या मुलांना वाचता येते का, असे आपण दरवर्षी आपुलकीने विचारता. येते. पाचवीतला मुलगा उभा राहून पानभर धडा न अडखळता वाचून दाखवील. पण "काय वाचलेस?" असे विचारले, तर तो शेवटचे वाक्य पुन्हा म्हणेल. तो मठ्ठ नाही. घरी तो वारली बोलतो. पुस्तकातली मराठी त्याला दूरच्या गावाहून आलेल्या पाहुण्यासारखी वाटते आणि त्या पाहुण्याशी आपले काही नाते असेल, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

म्हणून रात्रीच्या अभ्यासाला आम्ही एक साधी गोष्ट करतो. परिच्छेद वाचून झाला की पुस्तक मिटायचे नाही, बोट तिथेच ठेवायचे आणि विचारायचे, "हे तू कुठे पाहिलेस?" "आवडले का?" असे आम्ही विचारत नाही, त्याला प्रत्येक मूल मान डोलावते.

पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी कितीतरी वेळा ऐकला आहे. सहावीच्या मुलांनी तो वाचला तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, यानं राब नाय भाजला?" आमच्या डहाणू-तलासरीकडे पावसाआधी शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्या पसरून जाळतात. तण जळून जाते. मग तिथे भाताचे बी टाकतात आणि रोपे वाढली की उपटून आवणी करतात. बी जपून ठेवलेले असते, ते वाटेवर कुणी सांडत नाही. काटेरी झुडपांतले बी वाया जाणार, हे त्या मुलीला शिकवावे लागले नाही. तिला कोडे पडले ते पेरणाऱ्याचे!

इथे शिक्षकाचे खरे काम सुरू होते. मुले राबाच्या, सरपणाच्या, कुणाच्या शेतात डुक्कर शिरले त्याच्या गप्पांत रमतात आणि धडा मागे राहतो. म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा, "आपल्याकडच्यापेक्षा इथे वेगळे काय?" मग पानाकडे परत जावेच लागते. त्या रात्री मुलांनी दाखला कुणी न सांगता पुन्हा पुन्हा वाचला. "हा जमीन बघून बी टाकत नाय," हे त्यांनीच शोधून काढले.

ही काही आमची युक्ती नव्हे. आमच्याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिकडे न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या बाई माओरी मुलांना वाचनाचे पहिले शब्द त्या मुलांकडूनच मागून घेत. त्यांचे 'टीचर' हे पुस्तक १९६३ साली निघाले. शिक्षकांनी ते जरूर वाचावे.

एक गोष्ट मात्र जपावी लागते. दिवाळीनंतर पाड्यावरची कितीतरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. प्रवासावरचा एक धडा वाचल्यावर एक मुलगा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत चार ओळी लिहून माझ्या हातात दिल्या. त्यात काय होते ते मी येथे सांगणार नाही, वर्गातही सांगितले नाही. "मनात ठेवतो" हेही आमच्याकडे पूर्ण उत्तर धरले जाते.

म्हणून आपल्याला हात जोडून विनंती आहे. भेटीला याल तेव्हा कुणा मुलाला "तुझी भट्टीवरची गोष्ट सांग" म्हणू नका. आपली देणगी मोलाची आहे, पण तिच्यासाठी मुलांनी आपल्या आठवणी मांडून ठेवाव्यात, असे मला वाटत नाही. त्याऐवजी दोन मुलांच्या मध्ये बसा, एक पान वाचा आणि आपले गाव, आपली विहीर, आपली चाळ, जे आठवेल ते सांगा. मुलांनाही आपल्याला विचारायचे असते, "तुम्ही कुठं पाहिलंत?" वाचन शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू होते. चष्मा विसरू नका, आमच्याकडचा दिवा मंद आहे.