हुज्जत

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शिक्षणाचे महत्त्व' असा विषय छापला आहे. ते महत्त्व पटलेले नसते तर आपण रविवारची कामे टाकून येथे आलाच नसता. तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने मी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे हुज्जत. आपल्या कुर्डुवाडीला हा विषय शिकवावा लागत नाही. जंक्शनचे गाव आहे. गाडी लेट झाली की माणसे चहाच्या टपरीवर उभी राहतात, आणि चार माणसे उभी राहिली की कप खाली ठेवण्याच्या आत हुज्जत सुरू होते. कांदा महाग झाला की स्वस्त, मोबाईलने पोरे बिघडली की शहाणी झाली, मुलाला उर्दू शाळेत घालावे, मराठी की इंग्रजी, आणि दुबई-कुवेतच्या मानाने आपला देश कुठे आहे. मी हे दुरून पाहून सांगत नाही. आवाज चढवणाऱ्यांत माझा नंबर बराच वरचा आहे, हे समोर बसलेले माझे सहकारी सांगतील.

मी मराठी आणि इतिहास शिकवतो. त्यामुळे शब्द दिसला की त्याचे घराणे शोधण्याची मला खोड आहे. हुज्जत हा शब्द मूळचा अरबी, आणि अरबीत त्याचा अर्थ आहे पुरावा, दलील. आपल्याकडे येता येता त्याला भांडणाचा रंग चढला आणि मराठीत तर पुरावा पार गळून पडला, नुसते भांडण तेवढे उरले. 'तक्रार' या शब्दाचेही तसेच. मूळ अरबीत तक्रार म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा होणे किंवा करणे. आपण त्याचा अर्थ गाऱ्हाणे असा केला, आणि आपली गाऱ्हाणी ऐकली तर तो अर्थ अगदीच चुकला असेही म्हणवत नाही! तिसरा शब्द आहे 'गरीब'. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आधी कांद्याचे सांगतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एका दुपारी दोन सहकाऱ्यांचे चांगलेच वाजले. एकाची घरची शेती आहे, दुसरे पगारावर घर चालवतात. पहिले म्हणाले, कांद्याने शेतकरी मेला. दुसरे म्हणाले, कांद्याने आम्ही मेलो. डबे तसेच राहिले आणि घंटा झाली. मी घरी जाऊन जुन्या बातम्या काढून पाहिल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. ती बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास तोच कांदा शहरात साठ-सत्तर रुपयांनी विकला जात होता. ८ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने निर्यात बंद केली, ती थेट पुढच्या मे महिन्यात उठली. म्हणजे माझे दोन्ही सहकारी खरे बोलत होते. एक फेब्रुवारीतून बोलत होता आणि दुसरा नोव्हेंबरातून. महिना मात्र दोघांनीही सांगितला नव्हता.

यंत्राबद्दलची हुज्जत आमच्या घरातच होती. येथील वडीलधाऱ्यांना 'बार्शी लाईट' ठाऊक आहे, मुलांसाठी सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या कंपनीने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फूट रुंदीच्या रुळांवर गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ साली मिरजेला पोचली, आणि १९५४ साली सरकारच्या ताब्यात आली. मोठ्या लाईनचे आणि छोट्या लाईनचे रूळ जुळत नसल्यामुळे आपल्या गावात पोते न पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. माझे दादा तारुण्यात त्या हमालीवर जगले. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळीकडे मोठे रूळ आले, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. अब्बा म्हणत, आता लातूरला जायला अर्धा दिवस लागणार नाही, गाव सुधारेल. दादा म्हणत, गाव कुणाचे? जेवणाच्या दस्तरखानावर हा वाद कित्येक रात्री चालला. अब्बांपाशी वेळापत्रक होते. दादांपाशी त्यांच्या जोडीच्या हमालांची नावे होती, आणि ती ते एकेक करून सांगत. त्या वयात मला वाटे की वेळापत्रक हाच पुरावा आहे आणि नावे म्हणजे म्हातारपणची बडबड. आज मी इतिहास शिकवतो, आणि ती नावे मी लिहून ठेवली नाहीत याचे मला वाईट वाटते.

भाषेबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर येथे दर वर्षी बोलले जाते. मराठी आपली आहे का, असा प्रश्न अजूनही कोणी तरी विचारतो, कधी बाहेरचा, कधी घरचा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत रचला. शाहीर अमर शेख येथून जवळच्या बार्शीचे. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली आपल्या सोलापुरात भरले. आणि आपल्या घरातली दखनी ऐका. तिच्यातला 'नक्को' मराठीच्या 'नको'तून आला, 'वैसाच' आणि 'मैंच' यांतला 'च'सुद्धा मराठीचाच आहे. एवढे असूनही त्या दखनीची आपल्यालाच लाज वाटते. मी हे दुसऱ्यांना सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा 'मेरेकू समज्या नै सर' असे म्हणाला आणि मी त्याची नक्कल केली. वर्ग हसला. मीही हसलो. त्या मुलाने त्यानंतर माझ्या तासाला हात वर केल्याचे मला आठवत नाही.

तोच मुलगा गेल्या वर्षी वडिलांबरोबर माझ्या घरी आला. त्या दोघांची परवानगी घेऊनच मी हे सांगत आहे, नावे सांगत नाही. दहावीला इंग्रजी राहिलेले. तीन वर्षे गॅरेजवर काम करून आता एकोणीस वर्षांचा झालेला. वडील म्हणाले, "सर, इसका दाखला होना था. सौदी भेजता हूं." एका एजंटाने बाराशे रियाल पगार सांगितला होता आणि एक लाख चाळीस हजार मागितले होते. पासपोर्टची अडचण नको म्हणून आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बघू, असेही तो म्हणाला होता.

मी लगेच चढलो. चाचांनाही मी काही कमी बोललो नाही. ते म्हणाले, एक रियाल म्हणजे बावीस रुपये, एक कुवेती दिनार म्हणजे अडीचशेच्या वर, तुमच्या रुपयात काय आहे? मी म्हणालो, चाचा, जपानचा येन साठ पैशांच्या आसपास आहे, मग जपान आपल्यापेक्षा भिकारी झाला का? आणि आणखी ऐका. १९६६ पर्यंत आखातातल्या कित्येक बंदरांत रुपयाच चालत होता. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. कुवेतचा दिनार तर १९६१ सालचा. चाचा गप्प झाले. मला वाटले मी जिंकलो. पण गप्प होणे आणि पटणे यांत फरक असतो. ते उठायला लागले, आणि मुलगा दाखल्यासाठी उभाच होता.

तेव्हा मी वहीचा कागद फाडला. हिशेबच करू म्हटले. बाराशे रियालचे सव्वीस हजार चारशे रुपये. तीनशे रियाल खाण्यापिण्याला, म्हणजे सहा हजार सहाशे वजा. राहिले एकोणीस हजार आठशे. एजंटाचे एक लाख चाळीस हजार शेकडा तीन रुपये महिन्याने काढायचे होते, त्याचे व्याज बेचाळीसशे. हाती उरले पंधरा हजार सहाशे. येथे गॅरेजवर बारा हजार मिळतात आणि जेवण घरी. म्हणजे महिन्याला फरक छत्तीसशेचा. त्यात मुद्दल फिटायला तीन वर्षांहून जास्त! मी कागद चाचांपुढे सरकवला.

मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "सर, गलत है." मुद्दल फिटत जाईल तसे व्याजही कमी होत जाईल, हे तुम्ही धरले नाही. त्याने खिशातला मोबाईल काढला, ज्याच्यामुळे पोरे बिघडली असे आम्ही टपरीवर म्हणतो तोच, आणि महिन्यामागून महिना वजा करीत गेला. सव्वीस-सत्तावीस महिने आले. त्याचे बरोबर होते. मी त्याला ज्या विषयात नापास समजत होतो त्यात तो कधीच नापास नव्हता.

मग आम्ही तिघांनी मिळून उरलेले तपासले. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालील नियमांप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते, आणि त्याला जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरचा कर घेता येतो. करासह पस्तीस हजार चारशे होतात. दहावी न झालेल्या माणसाला सौदी, कुवेत, अमिराती अशा ठरावीक देशांत नोकरीला जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची मंजुरी लागते, तशी नोंद त्याच्या पासपोर्टवर असते. आपल्याकडे ती नोंद म्हणजे अडाणीपणाचा शिक्का समजतात. ती खरे तर राखण आहे, कारण मंजुरीच्या वेळी नोकरीचा करार पाहिला जातो. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या कामगाराला तिकडे काम करण्याचा हक्कच नसतो. मालकाने पगार बुडवला तर तो कोणत्या तोंडाने फिर्याद करणार? दहावी पास झाले की मात्र ही मंजुरी लागत नाही. म्हणजे एका इंग्रजी विषयावर हे सगळे येऊन ठेपले होते.

मुलाने पुन्हा मोबाईल काढला. पस्तीस हजार चारशे कर्जाने काढले तर फिटायला किती दिवस? पाच महिने. त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी इतका वेळ सिद्ध करीत होतो की जाणेच चुकीचे आहे. त्याच्या हिशेबाने दाखवले की जाण्यात चूक नाही, वाट चुकीची होती. चाचांचेही खरे ठरले आणि माझेही, पण दोघांचेही जसे आम्ही बोललो होतो तसे नव्हे.

आता तो तिसरा शब्द. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, परदेशी माणूस. मराठीत आणि उर्दूत गरीब म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही तो. चहा पिता पिता मी हे सांगितले तेव्हा चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यहां का गरीब वहां भी गरीबच." त्यांच्या या वाक्यातला 'च' मी त्या दिवशी सुधारला नाही.

मुलाने दाखला नेला नाही. त्याने पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला. संध्याकाळी गॅरेज सुटल्यावर तो माझ्याकडे येत असे, हातांना ग्रीसचा वास तसाच असे. इंग्रजीचे पत्रलेखन त्याला जमत नव्हते. अर्ज कसा लिहावा हे शिकवताना मी त्याला म्हणालो, समज तुझ्या मालकाने दोन महिने पगार दिला नाही, त्याला इंग्रजीत पत्र लिही. त्याने ते लिहिले. व्याकरणाच्या सात चुका होत्या. पण तारखा होत्या, रक्कम होती, कराराचा उल्लेख होता. मी त्या पत्रावर लाल पेनने 'हुज्जत' असे लिहिले. त्याला वाटले मी रागावलो, मग अर्थ समजावून द्यावा लागला.

पुरवणीत तो पास झाला, पस्तीस गुणांनी. चाचांचे म्हणणे अजून बदललेले नाही, ते दर जुम्म्याला मला रियालचा भाव सांगतात. मुलगा मात्र सध्या येथेच आहे. जायचे की आयटीआयला डिझेल मेकॅनिकसाठी अर्ज करायचा, याचे दोन कागद त्याने केले आहेत. परवा ते घेऊन आला होता. दुसऱ्या कागदातली बेरीज मला पटली नाही, त्याला माझे पटले नाही, आणि रात्री साडेदहापर्यंत आमची बसून हुज्जत चालली होती.

अध्यक्ष महाशयांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली आहे.