दुखतंय, म्हणजे पहारा चालू आहे



समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे मी फक्त एक यंत्रणा समजावून सांगते. त्यातून काही सल्ला निघाला, तर तो आपापल्या डॉक्टरांकडून पक्का करून घ्या.

लालबागच्या मसाला गल्लीत उन्हाळ्यात आपण सगळेच आईबरोबर गेलो आहोत. मिरची कुटताना नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. तिखट खाल्लं की आपण म्हणतो, 'तोंड पोळलं', 'जिभेची आग झाली'. हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. खरा चटका ओळखणारं जे प्रथिन मज्जापेशीच्या टोकावर असतं, त्यालाच मिरचीतलं कॅप्सेसिन चिकटतं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९७ मध्ये शोधलं. हे प्रथिन म्हणजे एक दार. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं, विद्युतभार असलेले कण आत शिरतात आणि संदेश मेंदूकडे निघतो. मिरची तेच दार थंडपणीही उघडते. पेपरमिंटच्या गोळीने तोंड गार वाटतं, त्यामागे असंच गारव्याचं दार आहे. ते २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. २०२१ चं नोबेल या दोघांना मिळालं, ते तापमान आणि स्पर्श ओळखणारी अशी दारं शोधल्याबद्दल.

संदेश नेणाऱ्या तारा दोन जातींच्या. एकीवर पातळ वेष्टण असतं, ती सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेते. दुसरी उघडी, तिचा वेग साधारण १ मीटर. म्हणून तव्याला हात लागला की आधी झणकन कळ येते आणि जळजळ मागाहून. हात मागे घ्यायचा हुकूम तर पाठीच्या कण्यातूनच सुटतो, मेंदूला विचारायची वाट पाहत नाही.

आमच्या कामात इशाऱ्याची घंटा वाजली की धावपळ होते, पण भीती वाटत नाही. भीती वाटते ती घंटाच बंद पडलेली असते आणि पडद्यावर सगळं हिरवं दिसतं तेव्हा.

शरीरात असं झालं तर काय होतं, हे आपल्या जवळच पाहायला मिळतं. वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० चं. मराठी पोवाडे गोळा करणारे महापालिका आयुक्त ॲक्वर्थ ते हेच. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग आवडतात : हात, पाय, नाक, कान. तिथल्या नसांमध्ये ते शिरतात आणि बहुधा गरम-गार कळणं आधी जातं. रोगच बोटं खातो, अशी लोकांची समजूत होती. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बरंचसं नुकसान वेदना गेल्यामुळे होतं. भाजलेलं, कापलेलं कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. अशा हातांना आणि चेहऱ्यांना पुन्हा आकार देण्याचं काम आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी केलं. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, मात्र मेलेली नस सहसा परत येत नाही.

आपल्या वयात या नसांचा मोठा शत्रू म्हणजे मधुमेह. माझ्या वडिलांना तो बरीच वर्षं आहे. मागच्या थंडीत ते गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले. सकाळी चादर ओली दिसली, तेव्हा तळव्याचा फोड फुटल्याचं कळलं. आई ओरडली, तर म्हणाले, "अगं, दुखलंच नाही, तर तुला कशाला उठवू?" ती जखम भरायला तीन महिने लागले.

म्हणून ज्यांना साखर आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी पाय तपासून घ्यावेत. तपासणी सोपी असते. १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात, आणि आपल्या प्रयोगशाळेत होता तसा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का विचारतात. घरी रोज रात्री तळवे पाहा. वाकता येत नसेल, तर आरसा धरा किंवा नातवंडांना पाहायला सांगा. अंघोळीच्या पाण्यात पायाआधी कोपर घाला. सोमवारी रात्री सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाणारे आपल्यात आहेत. त्यांनी पायांना संवेदना आहे ना, हे आधी डॉक्टरांना विचारावं. बाप्पा चपलेवर रागावणार नाही.

आता जेवणाच्या वेळी गप्पा रंगतील. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाची टाच. त्यांचं ऐकून घ्या, त्यांचा पहारेकरी जागा आहे. पण साखर असलेला एखादा म्हणाला, "माझ्या पायांना हल्ली काहीच जाणवत नाही", तर त्याचं अभिनंदन करू नका. त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.