रोहिणीजवळचे घड्याळ



हिवाळ्यातील संध्याकाळी पूर्वेकडे पाहिले की आधी कृत्तिकांचा पुंजका वर आलेला दिसतो आणि त्यामागून रोहिणीचा तांबूस तारा. रोहिणीभोवतीच्या ताऱ्यांत पूर्वजांना गाडा दिसला, म्हणून त्यास रोहिणीशकट हे नाव पडले. गंमत अशी की ही तांबूस रोहिणी त्या तारकागुच्छाची सदस्यच नव्हे. ती ६५ प्रकाशवर्षांवर, तर गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे. आजच्या विषयाचा नायक मात्र त्याच गुच्छाच्या कुटुंबातला. गाड्यापासून दूर, कृत्तिकांच्या दक्षिणेस राहणारा. नाव रूक्ष आहे: व्ही ४७१ टॉरी. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, लहानशा दुर्बिणीला दिसतो.

हा एक तारा नसून युग्म आहे, हे नेल्सन आणि यंग यांनी १९७० साली जाहीर केले. एक घटक सूर्याहून थोडा थंड, नारिंगी तारा. दुसरा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा: वस्तुमान सूर्याच्या चार-पंचमांशाहून अधिक, आकार जवळजवळ पृथ्वीएवढा. अशा बटूंच्या वस्तुमानाची कमाल मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ऐन विशीत गणिताने काढली होती. दोघे एकमेकांभोवती साडेबारा तासांत फिरतात, आणि प्रत्येक फेरीत नारिंगी तारा बटूला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ झाकतो.

बटू इतका लहान की तो सुमारे एका मिनिटात पूर्ण झाकला जातो. मोठ्या ताऱ्यांच्या ग्रहणात प्रकाश तासन्‌तास हळूहळू मंदावतो आणि नेमका क्षण सांगणे अवघड जाते. इथे तो काही सेकंदांपर्यंत सांगता येतो. अर्थात दृश्य प्रकाशातील घट अगदी थोडी असते, जंबुपार प्रकाशाकडे जावे तशी ती ठळक होते.

मग ज्योतिर्विद पंचांगकर्त्यांचेच काम करतात. गणिताने आलेली ग्रहणाची वेळ आणि वेधाने मिळालेली वेळ यांची वजाबाकी मांडतात. पंचांगात यालाच दृक्‌प्रत्यय पाहणे म्हणत. वर्षात सुमारे ७०० फेऱ्या होतात. आवर्तकालाच्या गणितात सेकंदाच्या एक-सहस्रांशाची चूक असली, तरी तीस वर्षांत वीस सेकंदांचा फरक साचतो. व्ही ४७१ टॉरीच्या बाबतीत हा फरक एकाच दिशेने साचला नाही. ग्रहणे काही वर्षे उशिरा, तर काही वर्षे लवकर होत गेली. दोन मिनिटांहून अधिक, आणि सुमारे तीस वर्षांच्या लयीत.

एक उत्तर जुने आहे. १६७६ साली रोमरने गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांतील उशीर प्रकाशाच्या प्रवासाला लागणाऱ्या वेळाने समजावला होता. इथेही एखादा अदृश्य तिसरा जोडीदार या युग्माला पुढेमागे हलवत असेल, तर बातमी कधी दूरून येईल, कधी जवळून. दोन मिनिटे म्हणजे ३ कोटी ६० लाख किलोमीटर. हिशेबाने तो जोडीदार तपकिरी बटू ठरला: ग्रहांहून जड, पण तारा होण्यास अपुरा.

डिसेंबर २०१४ मध्ये चिलीतील युरोपीय वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीवरील ‘स्फिअर’ या उपकरणाने जिथे तो दिसायला हवा होता तिथे शोध घेतला. तिथे काहीही नव्हते.

उरले दुसरे उत्तर. १९९२ मध्ये ॲपलगेट यांनी मांडले की नारिंगी ताऱ्याच्या चुंबकीय चक्रामुळे त्याच्या अंतर्भागातील थरांची फिरण्याची गती बदलते, तारा किंचित अधिक किंवा कमी चपटा होतो, त्याची ओढ बदलते आणि फेरीचा काळही. म्हणजे बातमीला उशीर होत नसून घड्याळच खरोखर पुढेमागे होते. हा तारा साडेबारा तासांत स्वतःभोवती फिरतो (सूर्याला जवळपास महिना लागतो), त्यामुळे त्याचे चुंबकत्व प्रखर आहे. तरीही चपटेपणा बदलण्यास लागणारी ऊर्जा कुठून येते, हा हिशेब पुष्कळ युग्मांत अजून जुळत नाही, आणि तपकिरी बटूच्या अभावाने तो जुळला असे म्हणणे घाईचे होईल.

सुदैवाने त्याच युग्मात आणखी एक घड्याळ आहे. श्वेत बटू सव्वानऊ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, आणि त्या फिरण्यासरशी त्याचा क्ष-किरणी प्रकाश कमीजास्त होतो. तिसरा जोडीदार असता तर या घड्याळालाही ग्रहणांइतकाच उशीर झाला असता; ताऱ्याच्या चपटेपणाशी मात्र त्याचा काहीच संबंध नाही. म्हणून आता दोन्ही घड्याळे शेजारी ठेवून वाचली जात आहेत.