अफूचे व्यसन आणि माणसाची परिस्थिती
(महाजन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



श्रींच्या सभामंडपात अफूविषयी बोलावे हे काहींस रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. तथापि अफू आपणांस परकी कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे जात असे, आणि रोजेरियो द फारिया यांच्यासारखे मूळचे गोमंतकीय धनिक त्या व्यापारात होते. पुढे मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माउल्या तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देऊन कामावर जात. त्या दुष्ट नव्हत्या. मूल सांभाळण्यास घरी कोणी नव्हते, एवढेच!

व्यसन म्हणजे दुबळ्या मनाचा दोष, असे आपण सहज बोलून जातो. परंतु व्हिएतनामच्या युद्धाचा अनुभव निराळे सांगतो. तेथील अमेरिकन सैनिकांत हेरॉइन फार पसरले होते. सप्टेंबर 1971 मध्ये परतलेल्या सैनिकांची ली रॉबिन्स या विदुषींनी पाहणी केली, तेव्हा सुमारे 20 टक्क्यांनी आपण तेथे व्यसनाधीन झालो होतो असे सांगितले. आता गावोगाव हे लोण पसरणार, अशी सर्वांस धास्ती! प्रत्यक्षात पहिल्या वर्षात त्या व्यसनाधीनांपैकी सुमारे 5 टक्केच पुन्हा त्या गर्तेत पडले, आणि बहुतेकांनी कसलाही उपचार घेतला नव्हता. मायदेशी हेरॉइन महाग होते, हेही खरे. परंतु मुख्य म्हणजे मृत्यूचे भय, कंटाळा आणि परकेपणा मागे राहिला होता. समोर घर होते, काम होते, ओळखीची माणसे होती.

शरीराचा वाटा नाही, असे माझे म्हणणे नाही. अफू, हेरॉइन किंवा वेदनाशामक गोळ्या यांची सवय देहात मुरते, आणि ती सोडताना अंग मोडून येते. परंतु बालपणीचा छळ, दीर्घ नैराश्य, बेकारी, एकाकीपणा यांनी ज्याचे मन आधीच पोळले आहे, त्यास ती गोळी केवळ दुखणे थांबवीत नाही, काही घटका जगणेही सुसह्य करते.

आपल्याकडे यात लज्जेची भर पडते. पाठीच्या दुखण्यापायी गोळ्यांच्या आहारी गेलेला एक तरुण माझ्याकडे येत असे. घराण्याच्या अब्रूसाठी घरच्यांनी त्यास माडीवरच्या खोलीत ठेवले, आणि जत्रेस तो परगावी गेला आहे असे सांगितले. गोळ्या चुकवून मिळतच होत्या. मिळत नव्हते ते कोणाशी चार शब्द बोलणे.

एक गोष्ट घरोघरी ठाऊक असावी. काही दिवस व्यसन सुटले की शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी अपमानाच्या भरात मनुष्याने जुन्याच मात्रेने गोळी घेतली, तर श्वास मंदावून प्राण जाऊ शकतो. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. 'एका व्यसनाऐवजी दुसरे' म्हणून नातलगांनी ती परस्पर बंद करू नयेत.

तो तरुण आता उपचार घेत आहे. यंदा त्याच्या घराण्याची पालखीची पाळी आहे, आणि त्यास खांदा देऊ द्यावा की नाही हा प्रश्न समितीपुढे आला आहे, असे मी ऐकतो. निर्णय आपला आहे. मजला विचाराल तर त्यास बोलवावे, आणि बोलावणे घेऊन कोणीतरी वडीलधाऱ्याने स्वतः त्याच्या घरी जावे.